अनिबा, चाकी आणि कोल्लमची गादी

चौदाव्या शतकातल्या एका लॅटिन हस्तलिखितात ‘अनिबा’ नावाच्या फळाचं वर्णन आहे. आलुबुखारासारखं, पण आकाराने खूप मोठं, आणि इतकं गोड की शब्दांत सांगता यायचं नाही, असं लिहिणारा म्हणतो. त्याच हस्तलिखितात ‘चाकी’ नावाचं आणखी एक फळ येतं, एकच पाच माणसांना पुरेल एवढं मोठं. चाकी म्हणजे फणस, मल्याळममधला ‘चक्का’. आणि अनिबा? त्या काळच्या लॅटिन लिपीत ‘म’ म्हणजे शेजारीशेजारी तीन उभ्या रेघा, ‘न’ म्हणजे दोन आणि ‘इ’ म्हणजे एक. नक्कल करणाऱ्याने त्या तीन रेघांची दोन अधिक एक अशी फोड केली की ‘अम्बा’चा ‘अनिबा’ होतो. फ्रान्समधल्या एका संन्याशाला आंबा आवडला होता आणि त्याने आपला शब्द कानाने टिपून नेला होता.

या संन्याशाचं नाव जॉर्डेनस कातालानी. दक्षिण फ्रान्समधल्या सेवेराक गावचा. १३२९ साली पोपने त्याला केरळमधल्या कोल्लम बंदराचा बिशप नेमलं. भारतातला हा रोमच्या चर्चचा पहिला बिशप. पोर्तुगीज गोव्यात यायला अजून १८० वर्षं होती. पण नेमणूक कोल्लमची झाली, तरी त्याला ती मिळाली ठाणे, सोपारा आणि भरूच या पट्ट्यात काढलेल्या दोन-अडीच वर्षांमुळे. आपल्याकडे ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. कारणही उघड आहे. ती समजायला त्या काळची चर्चची व्यवस्था, मंगोलांचं राज्य आणि मिरीचा व्यापार असे तीन धागे एकदम धरावे लागतात. तरी बघू.

आधी ‘बिशप’ म्हणजे कोण ते. साधा पाद्री एखादं चर्च सांभाळतो. बिशपकडे पाद्र्यांना दीक्षा देण्याचा अधिकार असतो आणि एक ठरलेला भूभाग त्याच्या ताब्यात असतो. वसईकडच्या मराठीत त्या भूभागाला धर्मप्रांत म्हणतात. बिशपच्या मुख्य चर्चमध्ये त्याची एक खुर्ची असते. ‘कॅथेड्रल’ हा शब्द त्या खुर्चीवरूनच आला. म्हणजे पद आणि जागा यांची गाठ पक्की, आपल्याकडे मठ आणि त्याची गादी असते तशी. अनेक बिशपांवर एक आर्चबिशप, आणि सगळ्यांवर पोप.

जॉर्डेनस या उतरंडीत नव्हताच. तो होता डॉमिनिकन. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात दोन नवे संन्यासी पंथ निघाले, डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन. जुने संन्यासी मठात राहायचे, जमिनी कसायचे. हे मात्र फिरते, भिक्षेवर जगणारे, भर बाजारात उभं राहून प्रवचन करणारे. ज्याला शेतीवाडी नाही आणि ज्याची जागा ठरलेली नाही, असा माणूस लांबच्या कामगिरीवर पाठवायला सोयीचा. त्यामुळे पोपला पूर्वेकडे कुणाला धाडायचं असलं की तो या दोन पंथांकडे बघायचा.

पूर्वेकडे जायचं कारण काय? धर्मप्रसार हे एक, पण रस्ता मोकळा होता हे दुसरं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं. इजिप्तमध्ये मामलुक सुलतान होते. भारतातली मिरी लाल समुद्रातून अलेक्झांड्रियाला जायची आणि जकात त्यांच्या खिशात पडायची. त्याच वेळी इराणमध्ये मंगोल इलखान राज्य करत होते. मामलुकांशी त्यांचं वैर, म्हणून युरोपीय पाहुण्यांना तिथे दार उघडं. जिनोआचे आणि व्हेनिसचे व्यापारी तब्रीझमध्ये ठाण मांडून बसले होते आणि त्यांच्या मागोमाग संन्यासीही आले. १३१८ साली पोप जॉन बाविसावे यांनी इलखानांच्या राजधानीत, सुलतानियात, आर्चबिशपची गादी स्थापन केली आणि ती डॉमिनिकनांकडे सोपवली. चीनची बाजू आधीपासून फ्रान्सिस्कनांकडे होती. आशिया खंड दोन पंथांनी असा वाटून घेतला होता, आणि तोही तिथल्या बहुतेक लोकांच्या गावी नसताना!

तब्रीझहून जॉर्डेनस निघाला. वाटेत चार फ्रान्सिस्कन बरोबर आले: तोलेंतिनोचा म्हातारा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. देमेत्रियस पाद्री नव्हता, पण त्याला बऱ्याच भाषा यायच्या. होर्मुझला ते जहाजात बसले. जायचं होतं दक्षिणेला, कोल्लमकडे. वाऱ्याने आणून टाकलं ठाण्याला. साल १३२१.

ज्या जहाजांतून हा प्रवास व्हायचा, त्यांचं वर्णन जॉर्डेनसने पुढे लिहून ठेवलं आहे. जहाजं मोठाली, पण त्यांना लोखंडी खिळा नाही. फळ्या सुई-दोऱ्याने शिवलेल्या. वर डेक नाही, सगळं उघडं. आत इतकं पाणी शिरतं की ते उपसायला माणसं जवळजवळ सतत डबक्यात उभी. काथ्याने शिवलेली ही जहाजं अरबी समुद्रात शतकानुशतकं चालत होती आणि त्यांत काही वेडेपणा नव्हता. शिवलेली फळी धक्का बसला की थोडी वाकते, खिळ्याची मोडते. पण पहिल्यांदा बसणाऱ्याला काय वाटलं असेल ते त्या डबक्याच्या वाक्यातून कळतं.

तेव्हाचं ठाणं म्हणजे मोठं बंदर. देवगिरीच्या यादवांचं राज्य नुकतंच संपलं होतं, कोकणपट्टी दिल्लीच्या सुलतानाच्या ताब्यात गेली होती, आणि दिल्लीतही १३२० साली तुघलक घराणं गादीवर आलं होतं. गावात एक मलिक, म्हणजे सुलतानाचा अधिकारी, आणि एक काझी. शिवाय ख्रिश्चनांची पंधरा घरं. हे ख्रिश्चन मात्र रोमवाले नव्हते. ते इराण-इराककडच्या पूर्वेकडील चर्चचे, ज्यांना युरोपात नेस्टोरियन म्हणायचे. त्यांचा धर्मगुरू बगदादकडचा, पूजेची भाषा सिरियाक. येशूचं देवपण आणि माणूसपण एकमेकांशी कसं जोडलेलं आहे, या वादावरून पाचव्या शतकात ही मंडळी वेगळी झाली होती. रोमच्या हिशोबात ते पाखंडी. पण परक्या मुलखात ओळखीचा क्रूस दिसला की माणूस तिथेच उतरतो. पाचही जण अशाच एका घरी उतरले.

स्थानिक ख्रिश्चनांनी सांगितलं की भरूचकडे आमचे काही लोक आहेत, नावापुरते ख्रिश्चन, बाप्तिस्माही झालेला नाही, त्यांच्याकडे जा. जॉर्डेनसला फारसी येत होती. म्हणून तो निघाला. पाठीमागे ठाण्यात जे झालं त्याची सुरुवात घरगुती भांडणातून झाली. यजमानाने बायकोला मारलं. ती काझीकडे गेली. साक्षीदार कोण, तर घरात उतरलेले परदेशी पाहुणे. काझीने बोलावलं तेव्हा थॉमस, जेम्स आणि देमेत्रियस गेले. पीटर सामान राखायला मागे थांबला. साक्ष राहिली बाजूला आणि धर्माची चर्चा सुरू झाली. त्यात पैगंबरांविषयी प्रश्न आला. थॉमसने जे उत्तर दिलं ते त्या दरबारात देऊन जिवंत परतणं अवघड होतं. पुढच्या वृत्तांतात जेम्सला आगीत टाकल्याचा आणि तो न भाजता बाहेर आल्याचा चमत्कार आहे. तो श्रद्धेचा भाग म्हणून बाजूला ठेवू. मला त्यातली दुसरी एक गोष्ट जास्त खरी वाटते. मलिकाला हे प्रकरण वाढवायचं नव्हतं. त्याने तिघांना गुपचूप खाडीपलीकडच्या वस्तीत पोचवलं, निघून जा म्हणाला. मग काझीने त्याला गाठलं आणि रात्री चार हत्यारबंद माणसं खाडी ओलांडून गेली. ९ एप्रिल १३२१ ला तिघे मारले गेले. पीटर ११ तारखेला.

जॉर्डेनसला बातमी कळली आणि तो परतला. मृतदेह त्याने सोपाऱ्याला नेऊन पुरले. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, प्राचीन शूर्पारक, जिथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला तेच. विरार लोकलच्या दारात लोंबकळत जाणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल की सातशे वर्षांपूर्वी या गावाचं नाव एका पत्रातून थेट तब्रीझला गेलं होतं?

ते पत्र १२ ऑक्टोबर १३२१ चं, गुजरातच्या किनाऱ्यावरच्या घोघा बंदरातून लिहिलेलं. इराणमधल्या दोन्ही पंथांच्या बंधूंना तो कळवतो की चौघे गेले, मी एकटा उरलो, माणसं पाठवा. कुठे पाठवायची तेही सांगतो: सोपारा, भरूच आणि कोल्लम. आकडेसुद्धा देतो. भरूचला नव्वदच्या आसपास जणांना बाप्तिस्मा दिला, त्यानंतर आणखी विसाहून जास्त, शिवाय ठाणे आणि सोपारा यांच्या दरम्यान ३५. शोकपत्रात एवढा हिशोब बघून आधी जरा विचित्र वाटतं. पण हा माणूस मदत मागत होता, आणि मदत मागणाऱ्याला काम दाखवावं लागतं.

दुसरं पत्र ठाण्याहून, जानेवारीतलं. त्याचं साल १३२३ की १३२४, यावर तुम्हाला पुस्तकापुस्तकात फरक दिसेल. यात गूढ काही नाही. युरोपात बऱ्याच ठिकाणी नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे त्यांचा १३२३ चा जानेवारी आपल्या मोजणीने १३२४ चा. या पत्रात सूर वेगळा आहे. चाचेगिरी, तुरुंग, खोटे आरोप, आजारपण, सगळं भोगून झालेलं. तरी त्यात एक ओळ येते जी थेट राजकारणाची आहे. पोपने या समुद्रात दोन गलबतं जरी ठेवली, तरी केवढा फायदा होईल, आणि अलेक्झांड्रियाच्या सुलतानाचं केवढं नुकसान! वास्को द गामा कालिकतला उतरण्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी, ठाण्यात बसलेला एक कफल्लक संन्यासी पोर्तुगीजांच्या आरमाराची कल्पना मांडून मोकळा झाला होता. धर्म आणि व्यापार वेगवेगळे ठेवण्याची चैन त्या काळी कुणालाच नव्हती.

मधल्या काळात ठाण्यात आणखी एक पाहुणा येऊन गेला, पोर्देनोनेचा ओडोरिक, फ्रान्सिस्कन. खाडीपलीकडच्या त्या रात्रीचा सविस्तर वृत्तांत मुख्यतः त्याच्याकडून येतो. त्याने सोपाऱ्यातून चौघांची हाडं उकरून घेतली आणि जहाजात घालून चीनमधल्या झैतूनला, म्हणजे आजच्या क्वांझोला नेली. तिथे त्याच्या पंथाचे मठ होते. याच ओडोरिकने लिहून ठेवलंय की ठाण्यातले उंदीर कुत्र्याएवढे असतात, मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही, म्हणून लोक त्यांना कुत्र्यांकरवी पकडतात. इतिहासकार यावर हसतात. घूस बघितलेला ठाणेकर हसणार नाही.

आता नेमणुकीकडे. जॉर्डेनस यानंतर युरोपात परतला. पोप तेव्हा रोममध्ये नव्हतेच. १३०९ पासून पोपची बैठक दक्षिण फ्रान्समधल्या आविन्योंला होती, आणि जॉन बाविसावे मूळचे काओर गावचे, सेवेराकपासून फार लांब नाही. एकाच मुलखातली दोन माणसं. याचा काही उपयोग झाला असेल का? माझा अंदाज, झाला असेल. पण खरं भांडवल होतं अनुभव. भारतात राहून जिवंत परतलेला, फारसी बोलणारा, बंदरं माहीत असलेला डॉमिनिकन दुसरा मिळणार कुठून?

९ ऑगस्ट १३२९ ला पोपच्या आज्ञापत्राने कोल्लम हा धर्मप्रांत झाला, सुलतानियाच्या आर्चबिशपच्या हाताखाली, आणि जॉर्डेनस त्याचा बिशप. अशा आज्ञापत्राला ‘बुला’ म्हणतात, त्याला लटकवलेल्या शिशाच्या शिक्क्यावरून. हे समजायला सरकारी उदाहरण घ्या. मंत्रालयातून जीआर निघतो, नव्या जिल्ह्याला कलेक्टर नेमला जातो, पण जिल्ह्यात कचेरी नाही, शिपाई नाही, आणि लोकांना जिल्हा झाल्याचं ठाऊक नाही. वर या कलेक्टरचा आयुक्त बसलाय इराणात. कोल्लमची स्थिती नेमकी अशीच होती. वाटेतलं एक कामही त्याच्या गळ्यात पडलं. समरकंदला नेमलेल्या बिशपबरोबर सुलतानियाच्या नव्या आर्चबिशपची पालियम पोचवायची. पालियम म्हणजे पांढऱ्या लोकरीची, काळे क्रूस असलेली अरुंद पट्टी, आर्चबिशपच्या अधिकाराची खूण. ती खांद्यावर आल्याशिवाय कारभार पुरा होत नाही.

कोल्लमच का, ठाणे का नाही? ठाण्यात काय झालं ते सांगून झालंच आहे. कोल्लमला हिंदू राजा होता. चिनी आणि अरबी जहाजं मिरीसाठी तिथे यायची. आणि तिथे ख्रिश्चन होते, भरपूर. इ.स. ८४९ च्या एका ताम्रपटात कोल्लमच्या चर्चला दिलेल्या सवलती कोरलेल्या आहेत. येशूचा शिष्य थॉमस याच्याशी आपलं नातं सांगणारे हे लोक, नस्राणी. पोपने त्यांच्या प्रमुखाच्या नावे पत्रही दिलं, या बिशपला नीट वागवा म्हणून. मेख इथेच आहे. नस्राणींना त्यांचे स्वतःचे धर्मगुरू होते, बगदादकडून आलेले. रोमच्या बिशपची त्यांनी मागणी केलेली नव्हती. जॉर्डेनसचंही भारतातल्या अशा ख्रिश्चनांबद्दलचं मत चांगलं नाही. हे लोक इकडेतिकडे विखुरलेले, स्वतःला ख्रिश्चन म्हणवतात पण यांना श्रद्धेतलं काही ठाऊक नाही, सेंट थॉमसलाच ख्रिस्त समजतात, असं तो लिहून जातो. हे काही खरं नव्हे. पण परक्याची पूजा परक्या भाषेत चाललेली बघून असा निष्कर्ष काढणारे आजही भेटतात.

त्याचं पुस्तक बहुधा याच सुमारास लिहून झालं. लॅटिन नाव ‘मिराबिलिया देस्क्रिप्ता’, म्हणजे ‘नवलांचं वर्णन’. छोटंसंच आहे. १८३९ मध्ये ते पॅरिसला छापलं गेलं आणि १८६३ मध्ये हेन्री यूलने इंग्रजीत आणलं. त्यात तो हिंदुस्थानचे तीन भाग करतो: धाकटा, थोरला आणि तिसरा. धाकट्यात आपला किनारा येतो, थोरला मलबारपासून पुढे, आणि तिसरा म्हणजे पूर्व आफ्रिका, जिथे तो स्वतः गेलेला नाही. या तिसऱ्या भागात पंख पसरणारे प्रचंड पक्षी आणि तोंडातून धुरासारखा विषारी श्वास सोडणारे ड्रॅगन सुखाने राहतात. जिथे पाय लागले तिथे मात्र वर्णन पाय जमिनीवर ठेवून चालतं. मिरीचंच बघा. युरोपात समज होता की मिरी भाजल्यामुळे काळी पडते. तो सांगतो, मिरीचा वेल आयव्हीसारखा झाडावर चढतो, घोसात फळं धरतात, आधी हिरवी, मग पिकली की काळी आणि सुरकुतलेली. कुणी आगीचं सांगितलं तर विश्वास ठेवू नका, ते खोटं बोलतात.

नारळाला तो ‘नारगिल’ म्हणतो आणि माडापासून काय काय निघतं ते सांगताना थकत नाही: तेल, दूध, गूळ, दोर, लाकूड. ताडीच्या झाडाला ‘तारी’ म्हणतो. पुढे ‘बेल्लुरी’ नावाचं एक झाड येतं, त्यातूनही पेय निघतं. तळकोकणातल्या माणसाला ते ओळखायला पुस्तक लागणार नाही, तो म्हणेल हा आपला भेर्ली माड. वरून मुळं सोडणारा वड येतो. पारसीही येतात: अग्नीची पूजा करणारे, मृतांना न जाळणारे, न पुरणारे, छप्पर नसलेल्या मनोऱ्यात पक्ष्यांसाठी ठेवणारे, प्रकाश आणि अंधार अशी दोन तत्त्वं मानणारे. दखमा, म्हणजे पारशांचा हा मनोरा, वर्णन करणाऱ्या सर्वात जुन्या युरोपीय नोंदींपैकी ही एक. एका पुरुषाच्या चितेवर पाच जिवंत स्त्रिया चढताना आपण पाहिल्याचंही तो लिहितो. आणि याच पुस्तकात, इथले लोक खाण्यापिण्यात फार स्वच्छ, बोलण्यात खरे आणि न्यायाला पक्के आहेत, असंही लिहितो. दोन्ही त्याच थंड सुरात.

स्वतः जवळजवळ तीनशे जणांना बाप्तिस्मा दिला असं तो सांगतो. आणि दोन-तीनशे चांगले संन्यासी इथे आले तर वर्षाला दहा हजार माणसं ख्रिश्चन होतील, असा हिशोबही मांडतो. तेवढे संन्यासी कधीच आले नाहीत. १३३५ मध्ये इराणमधलं इलखानांचं राज्य फुटलं आणि तब्रीझचा रस्ता धोक्याचा झाला. पुढच्या दशकात युरोपात प्लेग आला आणि मठच्या मठ रिकामे झाले. वसईचे किंवा गोव्याचे आजचे ख्रिस्ती लोक जॉर्डेनसच्या कामातून आले असं काहीजण सांगतात, त्याला आधार नाही. त्यांचा इतिहास पोर्तुगीजांपासून सुरू होतो. १३२१ आणि १५१० च्या मध्ये धागा तुटलेला आहे.

१३३० नंतर जॉर्डेनस कागदपत्रांतून नाहीसा होतो. मुंबईच्या परिसरात त्याला मारलं गेलं अशी एक परंपरा आहे, परंपरेपलीकडे तिला पुरावा नाही. १३४० च्या दशकाच्या शेवटी मारिन्योली नावाचा पोपचा दूत चीनहून परतताना कोल्लमला वर्षाहून जास्त राहिला. तिथे त्याला सेंट जॉर्जच्या नावाचं लॅटिन, म्हणजे रोमच्या पंथाचं, चर्च उभं दिसलं. त्याने त्यात चित्रं काढून घेतली, मिरीच्या पैशातून मिळणाऱ्या मानधनाबद्दल लिहिलं. जॉर्डेनसचं नाव मात्र त्याच्या लिखाणात सापडत नाही.

१८८६ साली कोल्लमचा लॅटिन धर्मप्रांत नव्याने उभा राहिला. तिथल्या बिशपांच्या यादीत पहिलं नाव आजही जॉर्डेनस कातालानीचं आहे. त्याच्या खालच्या ओळीत येणारा माणूस एकोणिसाव्या शतकातला.